टाकीच्या तोंडातला दाणा

मी एक जुनी गॅसची टाकी आहे. अंगानं लाल, पोटानं गोल, खांद्याला एक पोचा आलेला. शिकलेली माणसं मला सिलिंडर म्हणतात. म्हणू देत. मुळशी तालुक्यातल्या ज्या घरांनी मला राबवलं त्यांनी टाकीच म्हटलं, तेव्हा मीही टाकीच म्हणते.

मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपला मोठेपणा सांगतो. छत्री सांगते, मी कुणाला भिजू दिलं नाही. घड्याळ सांगतं, माझ्यामुळे घर वेळेवर उठलं. माझ्याकडे तसं काही असतं तर मीही तोंड भरून सांगितलं असतं. गर्व मला कमी नव्हता. पण मला जे सांगायचं आहे ती लाज आहे. ती पोटात ठेवून मी पुष्कळ घरं फिरले. आता तुमच्यापुढे ओतते आणि मोकळी होते.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पत्र्याच्या दोन वाट्या दाबून काढल्या आणि तोंडाला तोंड लावून डाग दिला. पोटावरून जी गोल शिवण गेलीय ना, तो माझा करगोटा. मग माझ्यात पाणी भरून असा दाब दिला की कमकुवत टाकी तिथेच फुटावी. मी फुटले नाही. डोक्याभोवती कडं बसवलं, त्याच्या पट्टीवर माझं रिकामं वजन कोरलं आणि पुढची तपासणी कधी तेही लिहिलं. एक अक्षर आणि दोन आकडे. ए म्हणजे वर्षाचे पहिले तीन महिने, मग बी, सी, डी. आकडे म्हणजे साल. मित्रांनो, ते साल उलटून गेलेली टाकी दारात आली तर घेऊ नका, परत पाठवा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

पोटात चौदा किलो आणि वर थोडा गॅस भरला आणि मला संसाराला पाठवलं. पण आमचा संसार तो कसला! आज एका घरात, महिन्यानं दुसऱ्या. रिकामी झाले की परत कारखाना, परत भरती, परत भलताच उंबरा. एकाच घरी पुन्हा जाणं आम्हा टाक्यांच्या नशिबात फारसं नसतं. लक्षात ठेवा हे, पुढं लागणार आहे.

भूगावच्या एका फ्लॅटमध्ये मी दोन महिने नुसती उभी होते. नवराबायको दोघं ऑफिसला, जेवण मोबाईलवरून यायचं. मुठ्याला एका बंगल्यात शनिवार-रविवारचे पाहुणे. बाकी दिवस कुलूप, आणि माझ्या नळीला उंदरांनी दात लावलेले. ती नळी बदलायला हवी हे त्या घरात एकालाही सुचलं नाही. हिंजवडीकडच्या एका खोलीत तिघे पोरगे राहत. गॅस संपत आला की ते मला आडवी करून लोळवायचे. एकानं तर मला गरम पाण्याच्या टबात बसवलं. अरे, मी काय बाळंतीण आहे शेक घ्यायला? टाकी उभीच ठेवायची असते. आडवी केली की आतला पातळ गॅस तसाच नळीत उतरतो, आणि मग जे होतं ते सांगायला लोळवणारा शिल्लक राहतोच असं नाही.

अशा चौदा-पंधरा घरांनंतर मी मारुंजीला आले, सारजाबाईच्या घरी.

सारजाबाई म्हणजे त्या घरातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. साठी ओलांडलेली, नऊवारीचा कासोटा घट्ट, जीभ त्याहून घट्ट. वावर होतं तिथं आता भाड्याच्या खोल्यांची रांग उभी होती, हिंजवडीत कामाला जाणारी पोरं-पोरी तिथं राहत. मुलगा ऋषिकेश टेम्पो चालवी. सून गौतमी मुठा खोऱ्यातली. आणि ही गौतमी त्या भाडेकरूंना डबे करून देई. रोज बावीस डबे.

ते डबे म्हणजे गौतमीचा जीव. लग्न होऊन आल्यापासून त्या घरातला चमचासुद्धा सारजाबाईचा होता, फक्त डबे तेवढे गौतमीचे. सासूनं नाक मुरडत परवानगी दिली होती आणि वर अट घातली होती. "येक बी चूक दिसली, तर डबं बंद. मग रडत माझ्याकडं यायाचं न्हाई." गौतमी पहाटे उठून एकशेदहा पोळ्या लाटी, आणि एकही करपू देत नसे.

मी त्या दारात उतरले ती घटस्थापनेनंतरच्या दिवसांत. खंडेनवमीला दोन दिवस होते. कुशाबानं मला टेम्पोतून काढलं. हा टाक्या पोचवणारा माणूस गावातलाच, खांद्याला घट्टे पडलेला. इतर घरांत मला दारात धाडकन आदळत. इथं मात्र सारजाबाई हातात ताम्हन घेऊन उभी. ताम्हनात हळद, कुंकू, अक्षता.

"थांब रं! उंबऱ्याच्या भायेरच ठिव."

त्या घरात भरलेली टाकी नवरीसारखी घ्यायची पद्धत होती. हसू नका. सारजाबाईनं तीस वर्षं ओल्या लाकडांचा जाळ फुंकला होता. धुरानं तिचे डोळे अर्धे गेले होते आणि नाक तर पुरतंच. पहिली टाकी घरात आली त्या दिवशी ती शेगडीपुढं बसून रडली होती म्हणे. तिच्या लेखी टाकी म्हणजे धुरातून सोडवणारी लक्ष्मी. तिचं चुकलं ते पुढं. भाव खोटा नव्हता.

कुशाबानं माझं टोपण काढलं, तोंडावर पाण्याचा थेंब सोडला, बुडबुडा येतो का बघितलं. आला नाही.

"आक्का, टाकी चांगली हाय. टोपान लावतो, मग काय ती आरती करा."

"तू मला शिकिवतो व्हय? तुझ्या लग्नात अक्षता टाकल्यात म्या. येक तरी वाया गेली का? चार पोरं हायेत न्हवं तुला?"

"व्हय, पर तितं तोंड उगडं नव्हतं कुनाचं."

"तुझ्या बायकूचं हुतं. आजून मिटलं न्हाई." असं म्हणून तिनं माझ्या खांद्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि मूठभर अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या.

बाकीच्या दाण्यांचं काही नाही, ते उंबऱ्यावर सांडले. एक दाणा माझ्या उघड्या तोंडात पडला. आत रबराचा वायसर असतो, गोल, बांगडीसारखा. रेग्युलेटर त्यावर गच्च बसला तर गॅस इकडेतिकडे जात नाही. तो दाणा नेमका त्या वायसरवर जाऊन बसला.

मला कळलं होतं, मित्रांनो. लाज इथूनच सुरू होते. मला कळलं, आणि मी सुखात होते. मला आजवर कुणी ओवाळलं नव्हतं. दाणा टोचला तर मला वाटलं, मान आहे हा, मानाचं थोडं टोचायचंच.

कुशाबा मला आत घेऊन गेला. ओट्याखाली ऋषिकेशनं नव्या फॅशनचा कप्पा करून घेतला होता, गच्च दारांचा, हवा जायला भोक नाही. रेग्युलेटर बसवला आणि कुशाबाचा फोन वाजला. रस्त्यात त्याचा टेम्पो आडवा होता आणि मागं गाड्या तटल्या होत्या. जोडल्यावर पुन्हा एकदा साबणाचं पाणी लावून बघायचं असतं. तो "येतो आक्का" म्हणत पळाला.

दुपारीच गौतमीला वास आला.

आता एक गोष्ट समजून घ्या. माझ्या पोटातल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. तो नासक्या भाजीसारखा वास मुद्दाम मिसळतात. कारण मला तोंड आहे, वाचा नाही. वास हीच माझी हाक. मी त्या दुपारी हाक मारली.

"आत्याबाई," गौतमी सासूला आत्याबाई म्हणे, "ग्यासचा वास येतुया."

"मला न्हाई येत."

"तुमाला उदबत्तीचा तरी कुटं येतुया?"

"जीभ लई चालाया लागली. शेगडीचं बटान आर्दं ठिवलं आसशील. बावीस डब्यांच्या नादात डोकं ठिकान्यावर आसतंय का तुझं?"

गौतमीनं शेगडीची दोन्ही बटणं तपासली. बंद होती. ती माझ्या रेग्युलेटरचं बटण फिरवायला वाकली, तर मागून आवाज आला.

"आगं, त्ये कशाला पिरगाळतीस? सारखं पिरगाळून झिजतंय त्ये."

हा त्या घरचा नियम होता. शेगडी बंद झाली की झालं, टाकीचं बटण कायम चालू. ते फिरवून झिजत नाही, मित्रांनो. सारजाबाईचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून तिनं तसा नियम केला होता आणि पुढं तो तिला खराच वाटू लागला. ते बटण बंद केलं असतं तर माझं तोंड आतून मिटलं असतं. दाणा असता तरी काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी वास पुन्हा आला. सारजाबाईला या खेपेला शेजारच्या सगुणाबाईनं सांगितला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. घरचा वास शेजारणीनं सांगावा! तिनं धुपाटणं पेटवून सगळं स्वयंपाकघर धुरानं भरून टाकलं आणि गौतमीला ओट्याजवळ उभी करून म्हणाली,

"गौतमे, ही शेवटची बारी. परत वास आला ना, तर डबं बंद. सांगितलं न्हाई म्हनू नगंस."

त्या दिवशी गौतमीनं शेगडीची बटणं सात वेळा तपासली. मी मोजली. सातही वेळा ती बंद होती, आणि सातही वेळा वास मी सोडत होते.

खंडेनवमी उजाडली. डब्यांना सुट्टी होती, म्हणून शेगडी सकाळी पेटलीच नाही. पोळ्यांच्या वेळी उघडणारी खिडकी कबुतरं येतात म्हणून बंदच राहिली, आणि माझ्या कप्प्याची दारंही बंद. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि कोपरा मिळाला की साचतो. त्या गच्च कप्प्यात तो रात्रभर साचत होता.

गौतमी स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. तिला वास आला होता. कप्प्याच्या दारांआडूनही मला तिनं दोनदा हुंगलेलं कळलं. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं. आज बोललं की उद्या डबे बंद. मित्रांनो, बाई वास लपवत नव्हती, आपला जीव वाचवत होती. तिला बोलायची चोरी केली होती त्या घरानं. आणि ती चोरी माझ्यामुळे.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. ओट्यापुढं पाट मांडला, त्यावर विळा, कोयता, टेम्पोची किल्ली, लाटणं. सारजाबाईनं कप्प्याची दारं उघडली आणि झेंडूचा हार माझ्या कड्यात अडकवला. मी फुलून गेले. खोटं कशाला सांगू, त्या घटकेलासुद्धा मी फुलून गेले. मग तिनं निरांजन लावायला काडी काढली.

"आत्याबाई, दिवा नगा लावू! वास हाय!"

"झालं का तुझं सुरू? सनासुदीच्या दिशी..."

काडी ओढली आणि भक्कन जाळ झाला. जमिनीवरून एक निळी लाट धावली, विझली, आणि माझ्या तोंडाशी एक जीभ पेटून राहिली. हार चरचर जळाला. सारजाबाईच्या पदरानं पेट घेतला. ती किंचाळत भिंतीकडं सरकली आणि तिचा हात पंख्याच्या बटणाकडं गेला.

"बटनाला हात लावू नगा!"

त्या घरात गौतमीचा आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. तिनं सासूचा पदर हिसडून काढला, पायाखाली तुडवला, तिला दाराबाहेर ढकललं. पोळ्यांवर घालायचं फडकं बादलीत बुचकळून तिनं माझ्या डोक्यावर टाकलं आणि उजवा हात त्याखाली, जाळात घालून माझं बटण फिरवलं.

माझं तोंड मिटलं. जाळ विझला. तो हात बाहेर आला तेव्हा मनगटापासून बोटांपर्यंत लाल झाला होता.

तिनं डाव्या हातानं खिडकी उघडली. मगच उजवा हात नळाखाली धरला.

ज्या हातानं एकशेदहा पोळ्या लाटल्या जात, तो हात मी भाजला. माझ्या शिवणीपासून कड्यापर्यंत मला लाज वाटली. अजून वाटते.

गल्ली गोळा झाली. ऋषिकेश बायकोला दवाखान्यात घेऊन गेला. सारजाबाईच्या भुवया करपल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. सगुणाबाई पुढं होऊन म्हणाली, "कसं वो झालं, आक्का?"

"काय सांगू बाई, सुनंनं बटान उगडं ठिवलं. दोन दिस सांगतीया, ऐकंल तर शपथ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गौतमीचा हात भाजला आणि तिचं नावही.

तेवढ्यात कुशाबा आला. त्यानं सगळ्यांना मागं सारलं आणि मला उचलून अंगणात आणलं. रेग्युलेटर काढला, माझ्या तोंडात डोकावला आणि बराच वेळ डोकावतच राहिला. मग करंगळीच्या नखानं काहीतरी काढून तळहातावर घेतलं आणि हात सारजाबाईपुढं धरला.

तांदळाचा दाणा. हळदीनं पिवळा. एका बाजूनं चेपलेला.

शेजारपाजाराला तो दिसला नाही. कुशाबाची पाठ त्यांच्याकडं होती. सारजाबाईला मात्र दिसला. आपला घास ओळखावा तसा तिनं तो ओळखला.

"आक्का," कुशाबा हळूच म्हणाला, "माजं बी चुकलं. जोडल्यावर बगाया पायजे हुतं."

सारजाबाईनं तो दाणा दोन बोटांत उचलला, लुगड्याच्या कनवटीला गाठ मारून आत ठेवला आणि म्हणाली,

"तुझं काम झालं न्हवं? ने ती टाकी."

एवढंच. लोक उभे होते, एक वाक्य पुरलं असतं. तिनं ते गिळलं. कुशाबानं माझ्या तोंडाला टोपण लावलं आणि मला टेम्पोत चढवलं. टेम्पो वळेपर्यंत मला सगुणाबाईचा आवाज येत होता. "आजकालच्या सुना... डबं करत्यात म्हनं..."

मित्रांनो, त्यानंतर तीन वर्षं मी फिरले. कारखान्यात माझा वायसर बदलला, मला पुन्हा पाण्याचा दाब दिला, जुना रंग खरवडून नवा लाल हात दिला. खांद्यावरचा हळदीचा डाग त्यात गेला. लाज गेली नाही. नव्या घरात रेग्युलेटर बसला की मला तो दाणा टोचल्याचा भास होई. कुणी माझ्यावर फुलं ठेवली की वाटे, ओरडावं. गौतमीच्या डब्यांचं काय झालं? हात बरा झाला का? गाव अजून तिलाच नाव ठेवतं का? विचारणार कुणाला! आम्हाला परतीचा रस्ता नसतो.

पण एकदा तो मिळाला.

कुशाबाचाच टेम्पो होता. त्याच्या डोक्याचे केस आता पांढरे झालेले. टेम्पो मारुंजीत शिरला, एका दारात थांबला, आणि आतून तोच आवाज आला.

"थांब रं! उंबऱ्याच्या भायेरच ठिव."

जमिनीनं दुभंगून मला पोटात घ्यावं असं झालं. सारजाबाई उभी होती, थोडी वाकलेली. तिनं मला ओळखलं नाही. नव्या रंगात आम्ही सगळ्या सारख्याच. बरंच झालं, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तिच्या हातात ताम्हन नव्हतं. जर्मनची वाटी होती, तिच्यात साबणाचं फेसाळ पाणी. तिनं माझ्या पोटावर, तोंडापासून लांब, कुंकवाचं एक बोट टेकवलं. अक्षता नाहीत.

"टोपान काडू नगंस इतक्यात," ती कुशाबाला म्हणाली. "पाव्हनी आलीया. तिच्या म्होरं काड."

दारात एक मुलगी उभी होती, पाठीला लॅपटॉपची पिशवी. जान्हवी नाव. लातूरकडची, हिंजवडीत नवी नोकरी लागलेली.

"आजी, मी रूमची चावी घ्यायला आले होते. मला लगेच ऑफिसला लॉगिन करायचंय."

"तुजं लागीन हुईल. आदी हितं बस."

"लग्न नाही आजी, लॉगिन..."

"बस म्हनलं ना!"

ती आत येऊन ओट्यासमोर बसली. सारजाबाई आत ओट्याजवळ गेली. कप्प्याची दारं काढून टाकलेली होती, खिडकी सताड उघडी. गौतमी शेगडीशी उभी राहून पोळ्या भाजत होती. बाजूला डब्यांची उतरंड होती, आणि बावीसपेक्षा कितीतरी जास्त.

"गौतमे, हात दाव तिला."

"आत्याबाई, दर बारीला काय वो? पोळी करपंल."

"करपू दे. मी बोलतीया न्हवं?"

गौतमीनं उलथनं डाव्या हातात घेतलं आणि उजवा पुढं केला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी आकसून चकचकीत झालेली. जान्हवीनं श्वास आत ओढला.

सारजाबाईनं कनवट सोडली. आत कुंकवाची इवलीशी डबी, डबीत तो दाणा. हळद फिकी पडली होती, चेपलेली बाजू तशीच.

"ह्यो दाना टाकीच्या तोंडात पडला आन माज्या सुनंचा हात जळला. दाना टाकला कुनी? म्या. वास येतुया म्हनून कोन सांगत हुतं? ही. बटान उगडं ठिवलं म्हनून नाव कुनाचं घेतलं? हिचंच. तीन-चार म्हयने मी त्यो दाना कनवटीला बांदून हिंडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, तवा सगुणा हिच्या हातचं वान घिईना. म्हनली, ग्यास उगडा ठिवनारीच्या हातचं नगं. तवा सोडली गाठ. सगळ्यांच्या म्होरं. माजं थोबाड मीच फोडलं म्हन."

जान्हवी म्हणाली, "पण आजी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

"दाना मुद्दाम न्हाई टाकला. नाव मुद्दाम घेतलं." मग ती कुशाबाकडं वळली. "काड आता टोपान."

गौतमीनं शेगडी आणि संपत आलेल्या टाकीचं बटण, दोन्ही बंद केलं. कुशाबानं मला आत नेऊन टोपण काढलं, बोट फिरवून तोंड साफ बघितलं, त्या टाकीचा रेग्युलेटर काढून मला बसवला. सारजाबाई खाली वाकली. गुडघे कडकड वाजले. गौतमी पुढं झाली तर तिला तिनं कोपरानं मागं सारलं. स्वतःच्या हातानं तिनं बटण चालू केलं आणि माझ्या तोंडाभोवती साबणाचं पाणी सोडलं. फेस माझ्या गळ्यावरून ओघळला. चौघंही वाकून बघत होती. मी तर श्वासच धरला होता.

एकही बुडबुडा आला नाही.

"बग," सारजाबाई जान्हवीला म्हणाली. "असं रोज न्हाई, पर टाकी बदलली की करायाचं. काडी वडून बगायाचं न्हाई. झोपताना हे बटान बंद. वास आला तर खिडकी उगडायाची, विजंच्या बटनाला हात लावायाचा न्हाई, आन बोंब मारायाची. कुनी वरडंल म्हनून गप बसायाचं न्हाई. म्या वरडले तरी. कबूल?"

"कबूल, आजी."

"मग ही घे चावी. आन डबा लावनार आसशील तर हिला इचार. त्यातलं मला काय इचारू नगंस, त्ये तिचं हाय."

गौतमी तव्याकडं तोंड करून उभी होती. पोळी खरंच करपली होती. तिनं ती बाजूला काढली, आणि सारजाबाईनं ती उचलून, घडी घालून, उभ्यानंच खाल्ली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथं थांबते. लाज गेली असं म्हणणार नाही. जळलेली कातडी काही परत पहिल्यासारखी होत नाही. पण त्या दुपारपासून लाज मला टोचते कमी आणि शिकवते जास्त.

तेव्हा मला ओवाळू नका. हार नको, दिवा तर मुळीच नको. मला उभी ठेवा, मोकळ्या हवेत ठेवा, माझी नळी जुनी झाली की बदला, माझ्या तोंडावर साबणाचं पाणी सोडा. तोच माझा मान. आणि कधी घरात वास आला तर आधी खिडकी उघडा, मग तोंड. तोंड उघडाल तेव्हा दुसऱ्याचं नाव घेण्याआधी आपली कनवट एकदा चाचपून बघा.